उजवी बाजू भिंतीकडे

लकवा मारलेल्या माणसांनी लिहिलेलं मी थोडंफार वाचलं आहे. त्यात व्यायाम असतो, पथ्य असतं, मनाची जिद्द असते. नवरा-बायकोचं पुढे काय होतं ते कोणी लिहीत नाही. मी स्वतः बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. मीही ते कधी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी अडखळत विचारलंच तर ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हणून आता लिहिते आहे. डाव्या हाताला अजून कागद धरता येत नाही, वर वाटी ठेवावी लागते, आणि दोन पानं झाली की मी दमते. तेव्हा जसं आठवेल तसं सांगते.

त्या सकाळी

रिटायर होऊन मला दुसरं वर्ष लागलं होतं. इंदूरला छत्रीबागेत भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं राहायचो. मी, हे, मुलगा मिलिंद आणि सून. सकाळी नळाखाली कळशी धरली आणि ती हातातून सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. मी आरशासमोर गेले आणि पेशंटला सांगायचे तसं स्वतःला हसायला सांगितलं. अर्धंच तोंड हसलं.

मला काय ते कळलं. यांना म्हटलं, "मला लकवा मारलाय, रिक्षा आणा." पण जीभ जड झाली होती. मला लोकांच्या नकला करायची खोड आहे, त्यामुळे दाढी करता करता हे हसले. "सकाळी सकाळी काय नाटक करते तू?" मग मी खाली बसले आणि उठेचना, तेव्हा गालावरचा साबण तसाच ठेवून हे रिक्षा आणायला धावले. पुढे कित्येक दिवस त्या हसण्याबद्दल हे माझी माफी मागत होते. मला मात्र रिक्षात एवढंच वाटत होतं की यांच्या गालावरचा साबण पुसावा, आणि हात उचलत नव्हता.

दवाखान्यात तीन आठवडे काढले. जीभ सुधारली, तोंड बरंचसं सरळ झालं, डाव्या पायात थोडा जोर आला. डाव्या बाजूची जाणीव मात्र गेली ती गेलीच. टाचणी टोचली तरी कळत नव्हतं. सुट्टी देताना डॉक्टरांनी मीठ किती, तेल किती, गोळ्या कुठल्या वेळी, असं सगळं एका कागदावर लिहून दिलं. यांनी तो कागद उलटा करून पाहिला, मागे आणखी काही लिहिलं आहे का. दारापर्यंत जाऊन हे परत वळले. "डॉक्टरसाहब, और बाकी का...?" डॉक्टर म्हणाले, "बाकी बस आराम करने दो।" यांनी मान हलवली. मला कळलं होतं यांना काय विचारायचं होतं, पण मीही गप्प बसले.

आमच्या दुपारी

हे मिलमध्ये कपडा खात्यात होते. कधी यांची रात्रपाळी, कधी माझी नाइट ड्यूटी. एक जण घरी येई तेव्हा दुसरा डबा भरत असे. त्यातून आम्हाला सापडायची ती दुपार. मिलिंद शाळेत, सासूबाई शेजारी गप्पा मारायला, आणि घरात आम्ही दोघं. लोकांचा संसार रात्रीचा असतो, आमचा दुपारचा होता. याच्याबद्दल आम्ही कधी एक शब्द बोललो नाही. हे दाराला आतून कडी घालायचे आणि मला ती कडी ऐकू यायची, एवढंच.

मग मिल बंद झाली. शहरातल्या मिल एकामागून एक बंद होत होत्या, तरी आपली होईल असं कुणालाच वाटत नव्हतं. त्यानंतर हे दिवसभर घरीच असायचे, आणि नेमक्या तेव्हाच आमच्या दुपारी संपल्या. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी जवळ गेले तर म्हणायचे, "आता काय राहिलं आहे माझ्यात?" दीड वर्ष यांनी माझ्याकडे पाठ केली होती. रागाने नाही, लाजेने. या माणसाला एकदा लाज वाटली की तो कुठल्या कुठे निघून जातो हे मी तेव्हा शिकले. पुढे भंवरकुआंच्या एका कोचिंग क्लासच्या गेटवर यांना गार्डची नोकरी लागली. सकाळी सहा ते दोन. खाकी कपडे चढवले आणि हळूहळू हे माझ्याकडे परत आले. पुन्हा दुपारच होती, कारण मिलिंद आणि सून दोघं कामावर जायचे.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं त्याशिवाय समजायचं नाही.

खोली नंबर सात

घरी मला उचलायला कोणी नव्हतं. म्हणून मिलिंदने मला खंडवा रोडवरच्या एका संस्थेत ठेवलं. म्हाताऱ्या, आजारी माणसांना तिथे महिनोन्‌महिने सांभाळत. वाईट नव्हतं तिथे. सकाळी स्पंज, मग चहा, मग व्यायाम, मग जेवण, मग सगळी इमारत दुपारभर पेंगायची. आया होती कंचनबाई, जवळच्या सिमरोल गावची. हात जड, पण केस विंचरायची फार मायेने.

खोली अरुंद होती. पलंग पूर्वेच्या भिंतीला चिकटून, डोकं दक्षिणेला. सगळ्याच खोल्यांत तसंच होतं. म्हणजे माझी उजवी बाजू, जी जागी होती, ती भिंतीकडे. आणि डावी, जिला काही कळत नव्हतं, ती खोलीकडे. स्टूल डावीकडेच मावायचं. पलीकडे दार आणि व्हीलचेअरची वाट.

हे अडीच वाजता यायचे. गेटवरची ड्यूटी संपली की चालतच. स्टुलावर बसून माझा हात हातात घ्यायचे. मला कळायचं नाही. मी मान वळवून पाहिलं तरच समजायचं की यांनी हात धरला आहे. बघायचं थांबवलं की हात गेला. मी हे यांना सांगितलं नाही. बिचारे तासभर अंगठ्याने तळहात चोळत बसायचे. मी म्हणायचे, "बरं वाटतंय." खोटं बोलायचे मी, आणि ते बोलताना मला फार एकटं वाटायचं.

मार्चमध्ये ऊन तापायला लागलं. एके दिवशी हे आले ते अगदी गळून. मी म्हटलं, "पडा जरा इथे." यांनी आधी दाराकडे पाहिलं. दाराला आतून कडी नव्हती, सगळ्याच खोल्यांच्या काढून टाकल्या होत्या. तरी बूट काढून हे पलंगाच्या कडेला आडवे झाले, माझ्या डाव्या बाजूला, आणि हात माझ्या अंगावर टाकला. थोड्या वेळाने ब्लाउजची दोन बटणं काढली. मी मान खाली घालून तो हात बघत होते, कुठे आहे ते कळावं म्हणून.

कंचनबाई चहा घेऊन आली. दार वाजवायची पद्धत तिथे नव्हती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि चहा घेऊन उलट्या पावली परत गेली.

रजिस्टर

सुपरिंटेंडंट देशपांडे मॅडम इंदूरच्याच, पन्नाशीच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रजिस्टर काखेत धरून आल्या आणि उभ्यानेच बोलल्या.

"तायडे सिस्टर, तुम्ही तर आपल्या लाइनच्या. तुम्हाला मी काय समजवू? इथे दुसरे पेशंट पण आहेत, माहौल सांभाळावा लागतो."

मी विचारलं, "काय लिहिलंय त्यात?"

त्यांनी दाखवलं. *रूम नं. सात. पेशंटचे पती पलंगावर आढळले.*

मी ते वाचलं. ते वाक्य माझं होतं. म्हणजे त्या रजिस्टरात मी लिहिलेलं नव्हतं, पण बत्तीस वर्षांत कितीतरी वेळा, ड्यूटी बदलताना, मी हेच वाक्य लिहिलं होतं. एक तर अजून डोळ्यांसमोर आहे. मिल बंद पडल्या त्याच काळातली गोष्ट. मेल वॉर्डात एक म्हातारा मिलवाला होता, छातीचा पेशंट. त्याची बायको रोज त्याच्या पलंगावर चढून बसायची, पाय पोटाशी घेऊन, आणि चादरीखाली दोघांचे हात असायचे. राउंडच्या आधी मी सगळ्या वॉर्डासमोर तिला म्हटलं, "बाई, नीचे उतरो। ये अस्पताल है, घर नहीं।" कोणीतरी हसलं. ती उतरली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. पुढचे चार दिवस ती बाकावरच बसली. आत यायची ती फक्त डबा द्यायला. म्हातारा दाराकडे बघत पडून असायचा, आणि मला वाटायचं की वॉर्डात कशी शिस्त आली.

स्क्रीन ओढून घ्यावी, एवढं साधं मला सुचलं नव्हतं. वॉर्डात हिरव्या कापडाची, चाकांची स्क्रीन असते. ती मी तीनच कामांसाठी ओढली, स्पंज, बेडपॅन आणि मरण.

अकरा दिवस

मॅडमनी मिलिंदला बोलावलं. मिलिंद चांगला मुलगा आहे, हे आधी सांगून ठेवते. पण त्या दिवशी त्याचे कान लाल झाले होते आणि तो माझ्याकडे न बघता खिडकीशी बोलत होता.

"आई, या उमरीत? मॅडमसमोर मला मान खाली घालायला लागली. पप्पांना मी समजवलं आहे. आता संडेला मी घेऊन येत जाईन, माझ्यासोबत."

"त्यांना काय समजवलंस?"

"जे समजवायला पाहिजे ते."

रविवारी दोघं आले. मिलिंद स्टुलावर बसला, हे दारात उभे. यांनी माझी तब्येत विचारली, संत्री ठेवली आणि पूर्ण वेळ पायाच्या नखांकडे पाहिलं. मी या माणसाला चाळीस वर्षं ओळखते. मिल बंद झाली तेव्हाचा चेहरा होता तो.

मला भीती वाटली, लकव्याच्या वेळी वाटली नव्हती तेवढी. तेव्हा दीड वर्ष लागलं होतं यांना परत यायला. आता माझ्याकडे दीड वर्ष होतं का? दुसरा झटका कधीही येऊ शकतो, मला कोणी सांगायला नको. हे असेच लाजत राहिले असते आणि मी भिंतीकडे उजवी बाजू करून एक दिवस संपले असते, यांचा हात पुन्हा एकदाही न कळता. मी व्यायाम सोडला. जेवण अर्धं परत जाऊ लागलं. कंचनबाई केस विंचरताना म्हणायची, "सिस्टरजी, गुस्सा हो क्या मुझसे?" मी नाही म्हणायचे. तिच्यावर कसला राग धरणार, तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

अकरा दिवस मी मनात एक वाक्य जुळवत होते. हजारो माणसांची अंगं मी पुसली आहेत, बायकांची, बाप्यांची, आणि कधी संकोच वाटला नाही. पण ते एक वाक्य तोंडातून निघेना.

पलंग

बाराव्या दिवशी मी मॅडमना निरोप पाठवला. त्या आल्या तेव्हा म्हटलं, "मॅडम, पलंग फिरवायचा आहे. उशी आहे तिथे पाय, पाय आहेत तिथे उशी."

"का हो?"

इथे एक सोपी पळवाट होती. लकव्याच्या पेशंटने पलंगावरून चांगल्या बाजूने उतरावं, हा नियमच आहे. तेवढंच म्हटलं असतं तरी पलंग फिरला असता. मी तसं म्हटलंही, आणि मॅडमनी मान डोलावली. पण नुसता पलंग फिरवून हे परत येणार नव्हते. मग मी डोळे मिटून घेतले आणि बोलले.

"आणि दुसरं म्हणजे, डावीकडून मला काही कळत नाही. माझ्या नवऱ्याचा हात मला कळायला पाहिजे. ते माझ्याजवळ निजायला पाहिजेत. दुपारी दोन तास, आणि कोणी आत यायला नको."

मॅडम स्टुलावर बसल्या.

"कडी नाही लावून देऊ शकत मी," त्या म्हणाल्या. "आत कोणी पडलं तर दरवाजा तोडावा लागतो."

"मला ठाऊक आहे. स्क्रीन द्या."

"स्क्रीन आहे एक, स्टोअरमध्ये." मग पलंगाकडे बघून म्हणाल्या, "पण सिस्टर, डोकं उत्तरेला येईल."

आपल्याकडे उत्तरेला डोकं मेलेल्या माणसाचं करतात. म्हणून तर सगळे पलंग तसे लावले होते. मी म्हटलं, "येऊ दे. आमच्यात त्याची भीती नाही. माझे आजोबा महूला पलटणीत होते, त्यांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात हे सगळं सुटलं. आणि तथागतांनी तर शेवटी उत्तरेलाच डोकं केलं होतं."

"शेवटी ना, पण."

"मग मला इतकी काही घाई नाही."

त्या हसल्या. रजिस्टर मागवलं. पानांवर नंबर असतात, फाडता येत नाहीत. त्यांनी जुन्या ओळीखाली लिहिलं, *रोज दुपारी दोन ते चार परवानगी आहे,* आणि सही केली. मग मिलिंदला फोन केला आणि इंग्रजीत काहीतरी सांगितलं, त्यात 'ट्रीटमेंट' हा शब्द दोनदा आला. त्याला तेवढी आड लागत होती, म्हणून मी काही बोलले नाही. शेवटी कोचिंगच्या गेटवर फोन लावला. "तायडेजी, आज दो बजे के बाद आ जाइए। सिस्टर बुला रही हैं।"

हे धापा टाकत आले. फोन आला म्हणजे मी गेले किंवा जाते आहे, असंच यांना वाटलं होतं. दारात थांबून यांनी पलंग पाहिला, माझं डोकं पाहिलं.

"हे काय? उत्तरेला?"

"बसा," मी म्हटलं. "आता असे बसा."

हे बसले आणि माझा उजवा हात हातात घेतला. मी डोळे मिटले होते. तरी कळलं. बोटांच्या टोकांवरचे धाग्याने पडलेले जुने घट्टे, अंगठ्याचं नख, घामाचा ओलावा, सगळं कळलं. मी रडले. मग खरं ते सांगून टाकलं, की इतके दिवस मला काही कळतच नव्हतं. हे म्हणाले, "आणि मी घंटा घंटा चोळत होतो." मग आम्ही दोघंही हसलो, आणि यांनी उठून स्क्रीन ओढली.

चार वाजेपर्यंत

सगळं पूर्वीसारखं झालं असं सांगणार नाही. डावा पाय साथ देत नाही, मी पटकन दमते, यांना माझ्या बीपीची धास्ती असते. काही दुपारी आम्ही नुसतं पडून राहतो. काही दुपारी नुसतं पडून राहत नाही. आणि एवढं लिहिते की डॉक्टरला हे विचारायला लाजू नका. त्यांनी नाही सांगितलं तर पुन्हा विचारा. माझ्यासारख्या नर्स असाल तर दार वाजवा, आणि आतून उत्तर येईपर्यंत थांबा.

पलंग फिरला त्या दिवशी कंचनबाई गावी होती. भाचीच्या लग्नाला म्हणून चार दिवसांसाठी सिमरोलला गेलेली. पलंग फिरवला, स्क्रीन आली, परवानगी मिळाली, यातलं तिला काहीच माहीत नव्हतं. ती परत आली ती भर दुपारी, तिसऱ्या की चौथ्या दिवशी. मॅडम बँकेत गेल्या होत्या. लग्नाचे लाडू मला द्यावेत म्हणून ती सरळ सात नंबरला आली आणि दार ढकललं.

तिला काय दिसलं ते मला नंतर समजलं. हिरवी स्क्रीन, आणि स्क्रीनच्या कडेने, जिथे माझी उशी असायची तिथे चादरीत झाकलेले माझे पाय. म्हणजे डोकं उत्तरेला. स्टुलाखालचे यांचे बूट तिला दिसले नाहीत. तीस वर्षांच्या नोकरीत स्क्रीनचा आणि उत्तरेचा जो अर्थ ती शिकली होती, तोच तिने लावला. दार ओढून घेतलं आणि बाहेर भिंतीला टेकून रडायला लागली. "अरे, सिस्टरजी गई रे। मेरे पीछे से चली गई। मुझसे तो गुस्सा ही रही।"

कॉरिडॉरमध्ये चपला वाजू लागल्या. हे दचकून उठायला लागले, शर्ट शोधायला लागले, आणि तो जुना चेहरा परत येताना मला दिसला. मी उजव्या हाताने यांचं मनगट घट्ट धरलं.

"पडून राहा," मी म्हटलं. मग जमेल तितक्या मोठ्याने हाक मारली, "कंचनबाई, मैं ज़िंदा हूँ। और मैं गुस्सा नहीं हूँ।"

बाहेर रडणं थांबलं. चपला थांबल्या. हे माझ्याशेजारी पडून राहिले. बऱ्याच वेळाने दारावर दोनदा टकटक झाली, त्या इमारतीत मी ऐकलेली पहिली.

"सिस्टरजी," कंचनबाई नाक ओढत म्हणाली, "तो चाय दो कप लाऊँ?"

"चार बजे," मी म्हटलं.